रानडुकरासाठी बंदूक निवडताना : कॅलिबर सगळ्यात शेवटी

आमच्या कुळागरातल्या, म्हणजे पोफळी-केळीच्या बागेतल्या पंपघराच्या चौकटीत एक छर्रा रुतला होता. मी तेव्हा कॉलेजात होतो. काका रात्री पोफळींना पाणी सोडायला जायचे आणि तिथेच बाजल्यावर पडायचे. एका सकाळी त्यांनी मला हाक मारून दाखवलं. फणसाच्या लाकडात, छातीच्या उंचीवर, वाटाण्याएवढं भोक. मी सुरीच्या टोकाने छर्रा उकरून काढला. एका बाजूने चपटा, करडा, आकाराच्या मानाने हाताला जड. रात्री व्हाळापलीकडे, म्हणजे ओढ्यापलीकडे, कुणीतरी डुकरावर बार काढला होता. मी पावलं मोजत तिथपर्यंत गेलो, तर दोनशे दहा भरली. बार काढणाऱ्याकडे परवाना होता, काडतूस जनावराला साजेसं होतं आणि डुक्करही खरंच आलं होतं. डुकराच्या मागे काय आहे, एवढंच त्याला ठाऊक नव्हतं.

गोव्यातल्या सत्तरी, सांगे, काणकोण, धारबांदोडा इकडचे बागायतदार आजही मला विचारतात, “कुठली बंदूक घेऊ? कुठलं कॅलिबर चालेल?” प्रश्न रास्त आहे. लावणीची केळ एका रात्रीत उकरलेली पाहिली की माणसाच्या पोटात कालवतं. पण मी उत्तर नेहमी उलटीकडून देतो. आधी कायदा, मग जमीन, मग जनावर, मग काडतूस. कॅलिबर सगळ्यात शेवटी. या क्रमाने गेलात तर निम्मे पर्याय आपोआप गळतात.

आधी कागद बघा

भारतात शिकारीला बंदी आहे. वन्यजीव (संरक्षण) कायदा १९७२ चा, आणि त्याचं कलम ९ अनुसूचीतल्या, म्हणजे कायद्याला जोडलेल्या याद्यांतल्या, प्राण्यांची शिकार मना करतं. परदेशी मासिकांत आणि व्हिडिओत कोल्हा किंवा कुरणातली खार टिपण्यासाठी रायफलींची चर्चा चालते. तो प्रकार आपल्याकडे छंद म्हणूनही करता येत नाही. ससा, मुंगूस, घोरपड, कांडेचोर यांतलं काहीही मारलं तर तो गुन्हाच.

वाट आहे ती कलम ११ मधून. अनुसूची २ मधला प्राणी माणसाच्या जिवाला किंवा मालमत्तेला धोका झाला असेल, तर मुख्य वन्यजीव रक्षक किंवा त्यांनी अधिकार दिलेला अधिकारी लेखी आदेशाने त्याला मारायची परवानगी देऊ शकतो. मालमत्तेत उभं पीक धरलं आहे. रानडुक्कर अनुसूची २ मध्ये येतं. दुसरी वाट कलम ६२ ची. केंद्र सरकार एखाद्या भागापुरतं आणि ठराविक मुदतीपुरतं अनुसूची २ मधल्या प्राण्याला उपद्रवी जाहीर करू शकतं. २०१५-१६ च्या सुमारास बिहारमध्ये नीलगाय आणि रानडुक्कर, उत्तराखंडात रानडुक्कर यांच्यासाठी असे आदेश निघाले होते. २०२२ ची दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली आणि उपद्रवी प्राण्यांची जुनी स्वतंत्र यादी गेली, पण कलम ६२ चा अधिकार राहिला.

अनुसूची १ मधल्या प्राण्यांचं प्रकरण वेगळं आहे. गवा आपल्या गोव्याचा राज्यप्राणी, मोर राष्ट्रीय पक्षी, आणि २०२२ च्या दुरुस्तीनंतर आपल्याकडचं टोपीवालं माकडही त्याच यादीत आहे. त्यांच्या बाबतीत पिकाचं नुकसान हे मारण्याचं कारणच होऊ शकत नाही. शिक्षा किमान ३ वर्षं, जास्तीत जास्त ७. म्हणून माकडासाठी कुठली बंदूक असं कुणी विचारलं, तर माझं एकच उत्तर असतं, कुठलीच नाही.

इथे खूप जणांची गफलत होते, म्हणून स्पष्ट सांगतो. पीक संरक्षणाचा बंदूक परवाना ही एक गोष्ट आणि डुक्कर मारण्याची परवानगी ही दुसरी. पहिली जिल्हाधिकाऱ्यांकडून मिळते, दुसरी वन खात्याकडून. पहिली हातात आहे म्हणून दुसरी मिळाली असं होत नाही. तुमच्या गावाला आज कुठला आदेश लागू आहे, तो किती मुदतीचा आहे, हे रेंज फॉरेस्ट ऑफिसरकडे लेखी विचारा. जमीन अभयारण्याच्या हद्दीत किंवा हद्दीला लागून असेल, तर हे विचारल्याशिवाय बंदुकीचं नावही काढू नका. म्हादई, नेत्रावळी, खोतीगाव या नावांच्या शेजारी आपली कितीतरी बागायत आहे. आणि परवानगीने मारलेलं जनावरसुद्धा सरकारची मालमत्ता असतं, त्याचं मटण वाटायला मिळत नाही.

परवाना काय देतो

कॅलिबरचा अर्धा निकाल इथेच लागतो. शस्त्र कायदा १९५९ चा. त्याच्या कलम १३ मध्ये पीक संरक्षणासाठी ठासणीची बंदूक धरली आहे. ती पुरी पडत नाही असं परवाना अधिकाऱ्याला पटलं, तर दुसरी गुळगुळीत नळीची बंदूक देता येते, नळी किमान २० इंच लांब हवी. गुळगुळीत नळी म्हणजे आपली एकनाळी-दुनाळी. नळीत आतून पीळ असला की ती रायफल, आणि या कलमात पीक संरक्षणासाठी रायफलचा उल्लेख नाही.

मला हा कायदा शहाणपणाचा वाटतो. का, ते पुढच्या पायरीत कळेल.

अर्जाला जमिनीचा १/१४ चा उतारा, कृषी कार्ड, ओळखीचे आणि वैद्यकीय कागद लागतात, पोलिसांचा अहवाल जातो. त्यासोबत नुकसानीचे पंचनामे जोडा. विभागीय कृषी कार्यालयात प्रत्येक वेळी नोंद केली असेल, तर अर्जाला वजन येतं. २०१९ च्या दुरुस्तीनंतर परवाना ५ वर्षांचा झाला आणि एका माणसाला जास्तीत जास्त दोन बंदुका ठेवता येतात. आजोबांची एक, वडिलांची एक अशा घरात नवी घेण्याआधी हा हिशेब करा.

मग जमीन, तीही दिवसाउजेडी

एक दुपार काढा. सोबत दोरी, चुना आणि घरातला एक माणूस घ्या. जिथून बार काढाल असं वाटतं त्या प्रत्येक जागी उभे राहा आणि डुक्कर येतं त्या वाटेकडे बघा. डुक्कर विसरा, त्याच्या मागे बघा. मातीचा उंच बांध आहे का? डोंगराचा चढ आहे का? की पोफळींच्या पलीकडे व्हाळ, त्यापलीकडे शेजाऱ्याचं भाट, त्यापलीकडे घर?

आता अंतरं समजून घ्या. छर्रा जास्तीत जास्त किती लांब जाईल याचा एक जुना ठोकताळा आहे. छर्ऱ्याचा व्यास इंचात घ्यायचा, २२०० ने गुणायचं, उत्तर यार्डात येतं. ६ नंबरचा छर्रा साधारण ०.१० इंचाचा, म्हणजे २२० यार्ड, दोनशे मीटर. एलजी या जाड छर्ऱ्याच्या काडतुसातला छर्रा ०.३६ इंचाचा धरला तर सव्वासातशे मीटरच्या आसपास. पंपघराच्या चौकटीतला छर्रा दोनशे दहा पावलांवर लाकडात का शिरला, ते मला हे गणित केल्यावर उमगलं. रायफलीचं अंतर तर भलतंच. साधी .२२ ची गोळी दीड किलोमीटर जाऊ शकते. .२२३ किंवा .३०-०६ तीन किलोमीटरच्या पलीकडे. आपला गोवा पूर्व-पश्चिम साठ-पासष्ट किलोमीटरचा. तीन किलोमीटरच्या टप्प्यात वाडा नाही, रस्ता नाही, देऊळ नाही अशी जागा मला दाखवा.

त्यात आपली जमीन जांभ्याची. मऊ मातीत गोळी शिरते आणि थांबते, उघड्या जांभ्यावर किंवा व्हाळातल्या गोट्यांवर ती उसळते, आणि उसळलेली गोळी कुणीकडे जाईल ते कुणाला सांगता येत नाही. जमिनीवर उभं राहून, खांद्याच्या दीड मीटर उंचीवरून, वीस मीटरवरच्या डुकरावर नेम धरला आणि चुकला, तर गोळी डुकराच्या मागे दहा मीटरवर जमिनीला लागते, तीही इतकी तिरकी की उसळणारच. तोच नेम चार मीटर उंच माळ्यावरून, म्हणजे मचाणावरून, धरला, तर गोळी डुकरामागे तीनेक मीटरवर जमिनीत घुसते. एवढा फरक फक्त उंचीने पडतो. बंदुकीच्या आधी माळ्यावर खर्च करा असं मी सांगतो ते यासाठी.

ज्या दिशेला मागे माती आहे, तिथे दगडाला चुना लावा. दोन चुन्याच्या दगडांमधली जागा तुमची, बाकी सगळं बंद. रात्री बॅटरीच्या उजेडात पांढरा दगड दिसतो. आणि आपल्या रात्री रिकाम्या नसतात हे ध्यानात ठेवा. काजूच्या दिवसांत भट्टीवर माणसं जागी असतात, पहाटे बायका बोंडं वेचायला डोंगरात शिरतात, पहिल्या पावसात पोरं चढणीचे मासे धरायला व्हाळात उतरतात, वन खात्याची गस्त असते.

बोअर : बारा की आणखी काही

बोअरचा आकडा उलटा चालतो. एक पौंड शिशाच्या सारख्या बारा गोळ्या केल्या, तर त्यातली एक जेमतेम मावेल अशी नळी म्हणजे १२ बोअर, आतून सुमारे साडेअठरा मिलिमीटर. २० बोअर त्याहून बारीक. .४१० हा मात्र बोअर नाही, ते इंचातलं माप आहे. ती बंदूक हलकी, धक्का कमी, पण छर्रे थोडे. डुकरासाठी मी .४१० ची शिफारस करत नाही, जनावर जखमी होऊन जातं.

आपल्याकडे १२ बोअरच घ्या. खडकीच्या सरकारी कारखान्याची शक्तिमान काडतुसं याच मापात सहज मिळतात, दुरुस्ती करणारे हिलाच ओळखतात. घरात २० बोअरही असेल, तर दोन्हींची काडतुसं कधीही एका पिशवीत ठेवू नका. २० चं काडतूस १२ च्या नळीत पुढे सरकून अडकतं. बंदूक रिकामी वाटते, माणूस मागून १२ चं घालतो आणि नळी हातात फुटते.

जुन्या बंदुकीचं आणखी एक. आजोबांच्या वेळच्या अनेक दुनाळींचं चेंबर, म्हणजे काडतूस बसतं ती जागा, अडीच इंचाचं, म्हणजे ६५ मिलिमीटरचं असतं. आजची बरीच काडतुसं पावणेतीन इंचाची, ७० मिलिमीटरची. ती आत बसतात, त्यामुळे फसायला होतं. पण काडतुसाचं तोंड उघडायला पुढे जागा उरत नाही आणि दाब वाढतो. नळीवरचे शिक्के जाणकाराकडून वाचून घ्या. नळीवर लाकडाच्या रेषांसारखी नक्षी दिसत असेल, तर ती लोखंड-पोलादाच्या पट्ट्या वळून केलेली जुनी नळी असू शकते. ती भिंतीवर शोभते, आजचं काडतूस तिच्यात घालू नका.

काडतूस

सगळ्यात मोठे छर्रे एलजीचे, त्याखाली एसजी, मग बीबी आणि पुढे आकडे. आकडा वाढतो तसा छर्रा बारीक. डुकरासाठी एलजी किंवा एसजी. वीस-पंचवीस मीटरच्या आत, मागे माती असताना. त्यापुढे छर्रे इतके पसरतात की दोन-चारच लागतात. जनावर मरत नाही, जाळीत जाऊन बसतं, आणि सकाळी तिथे बोंडं वेचायला जाते ती तुमच्या घरातली बाई. जखमी डुकराच्या सुळ्याने मांडी फाटलेला माणूस मी पाहिला आहे. पंचवीस मीटरच्या पलीकडचं डुक्कर सोडून द्या.

एकगोळी काडतूस, म्हणजे छर्ऱ्यांऐवजी एकच मोठी गोळी असलेलं, चाळीस-पन्नास मीटरपर्यंत नेम देतं, पण ती गोळी लांबही जाते आणि उसळतेही. शिवाय तोंडाशी आवळलेल्या नळीतून, म्हणजे फुल चोकमधून, कुठलीही एकगोळी चालवू नये. माझ्या मते आपल्या कुळागरात तिचं काम नाही.

हाकलायचंच असेल तर सगळ्यात बारीक छर्ऱ्याचं काडतूस पुरे. आवाजासाठी एलजी वर हवेत झाडणारी माणसं मी पाहिली आहेत. वर गेलेलं सगळं खाली येतं.

कागदावर बार

ही पायरी बहुतेक जण गाळतात. एक मीटर बाय एक मीटरचा कागद घ्या, मध्ये डुकराच्या खांद्याएवढा, वीतभर व्यासाचा गोल काढा. मागे मातीचा भक्कम बांध असलेल्या, परवान्याच्या अटीत बसणाऱ्या जागी किंवा शूटिंग रेंजवर १५, २० आणि २५ मीटरवरून एकेक बार काढा. प्रत्येक नळीचा वेगळा कागद. दुनाळीची डावी नळी बहुधा जास्त आवळलेली असते, त्यामुळे दोन्हींचा पसारा सारखा येत नाही. ज्या अंतरावर गोलातल्या छर्ऱ्यांपेक्षा बाहेरचे जास्त दिसू लागले, त्याच्या अलीकडे तुमची हद्द संपली. ते अंतर माळ्यापासून मोजा आणि तिथेही एक चुन्याचा दगड ठेवा. आमच्या बंदुकीची हद्द बावीस मीटर निघाली. बाबा समजत होते चाळीस.

आता रायफलींचं कॅलिबर

काही जणांकडे स्वसंरक्षणाच्या किंवा नेमबाजीच्या परवान्यावर रायफल असते आणि परदेशी लेख वाचून ते .२२-२५० किंवा .२२३ चं कौतुक सांगतात. म्हणून हेही समजून घ्या.

कॅलिबर म्हणजे गोळीची किंवा नळीची जाडी, इंचात. .२२ म्हणजे साडेपाच मिलिमीटरच्या वर थोडी. ताकद या आकड्यात नसते, ती काडतुसातल्या दारूत आणि गोळीच्या वजनात असते. साधी .२२ लाँग रायफल ४० ग्रेनची, म्हणजे २.६ ग्रॅमची गोळी सेकंदाला साडेतीनशे मीटरच्या आसपास फेकते, जोर दीडशे ज्यूलच्या घरात. .२२३ रेमिंग्टनची गोळी जवळजवळ तेवढ्याच जाडीची, पण ५५ ग्रेनची आणि वेग हजार मीटरच्या जवळ, जोर सतराशे ज्यूल. .२२-२५० त्याहून वेगवान. .१७ एचएमआर २००२ ची, अगदी हलकी. .२४३ विंचेस्टर १९५५ ची, ६ मिलिमीटरची, लहान जनावरापासून हरणापर्यंत चालते म्हणून तिकडे लाडकी.

ही बहुतेक काडतुसं कशासाठी झाली ते बघा. अमेरिकेच्या मोकळ्या माळरानावर दोनशे-तीनशे मीटरवरचं मांजराएवढं जनावर, मध्ये झाड नाही, मागे वस्ती नाही. गोळी पातळ सालीची, लागताक्षणी फुटणारी. तिकडे ते बरोबर आहे. तीच गोळी रानडुकराच्या खांद्यावर मारली, तर नराच्या खांद्यावरच्या जाड कातडीच्या ढालीवरच ती फुटते आणि खोल जात नाही. जर्मनीत रानडुकरासाठी कायद्याने किमान ६.५ मिलिमीटरची गोळी आणि १०० मीटरवर २००० ज्यूल लागतात. .२२३ तर सोडाच, .२४३ सुद्धा त्या मापात बसत नाही. म्हणजे हलकं कॅलिबर डुकराला कमी पडतं आणि जड कॅलिबर, आपल्या सरकारी कारखान्याची .३१५ किंवा .३०-०६, आपल्या वाड्यांना जास्त होतं. मधलं असं काही रायफलीत नाही. म्हणून मी पुन्हा १२ बोअरवर येतो, पंचवीस मीटरच्या आत, माळ्यावरून.

.२२ रायफल नेमबाजीसाठी सुंदर आहे. ५० मीटरवर कागदाला भोक पाडायला तिच्यासारखी दुसरी नाही. तिला तिथेच ठेवा.

छर्ऱ्याच्या एअर रायफलीबद्दल दोन शब्द. .१७७ म्हणजे ४.५ मिलिमीटर आणि २० ज्यूलच्या आतली असेल, तर परवाना लागत नाही, म्हणून घरोघरी आली आहे. पोरं तिने माकडांवर छर्रे मारतात. मागच्या उन्हाळ्यात आमच्या फणसावर एक मादी येत होती. जबडा सुजलेला, फणस सोलता येईना, पिल्लू पोटाला लटकलेलं. आठ दिवस येत राहिली, मग दिसली नाही. परवाना लागत नाही याचा अर्थ शिकार चालते असा होत नाही. घरात अशी रायफल असेल तर पोराला टार्गेटचे कागद आणून द्या, आणि झाडाकडे नळी वळली तर ती काढून घ्या.

बंदुकीशिवायचं काम आधी

सौर कुंपण घाला, कृषी खात्याकडे मदतीची योजना विचारा. त्याचा झटका क्षणभराचा असतो, जनावर बिचकून फिरतं. घरातली २३० व्होल्टची तार कुंपणाला जोडणं हा गुन्हा आहे, त्यात गवेही मेले आहेत आणि माणसंही. विष तर नकोच. जानेवारी २०२० मध्ये सत्तरीत गोळावलीला एक वाघीण आणि तिचे तीन बछडे विषाने गेले, ती जखम अजून भरलेली नाही.

पावसाळा आणि आचारसंहिता

आपली हवा दमट. काडतुसं घट्ट झाकणाच्या डब्यात, बंदुकीपासून वेगळ्या कपाटात, दोन्हींना कुलूप. फुगलेलं, हिरवट गंज चढलेलं किंवा चेंबरमध्ये जोर लावून घालावं लागतं असं काडतूस वापरू नका, परत करा. आषाढ-श्रावणात दर पंधरवड्याला नळीतून तेलाचा बोळा फिरवा.

निवडणूक लागली की बंदूक पोलीस ठाण्यात जमा करावी लागते, आणि नेमकी कधीकधी काजूच्या भरात. जमा करताना पावतीवर बंदुकीचा नंबर आणि नळीची अवस्था लिहून घ्या. परत आणल्यावर, एकही काडतूस न घालता, ती मधून उघडून दोन्ही नळ्यांतून आरपार बघा. एका वर्षी आमची दुनाळी घरी आली तेव्हा डाव्या नळीत काळोख होता. काठी घातली तर कुंभारमाशीने केलेलं मातीचं घर निघालं, बोटभर लांब, विटेसारखं टणक. त्यावर बार काढला असता तर नळी हाताशीच फाटली असती. बाबांनी ते माळ्याच्या फळीवर ठेवलं. माळ्यावर चढणारा प्रत्येक जण आधी नळी उजेडाला धरतो, पलीकडे उजेडाचा गोल पुरा दिसला की मगच काडतुसाचा डबा उघडतो.